नाव बदलले, साक्षीदाराचे काय?

आमचा जिल्हा २०२४ मध्ये अहिल्यानगर झाला. नावाला आमचा विरोध नाही. नावाची किंमत आंबेडकरी माणसाला कुणी शिकवू नये. मराठवाडा विद्यापीठासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे समाजाने घरेदारे जळताना पाहिली, आणि शेवटी पदरात पडला तो नामविस्तार. इथे चौंडीच्या सभेत घोषणा झाली आणि वर्षाच्या आत मंत्रिमंडळाने मंजुरीही दिली.

चौंडी जामखेड तालुक्यात. खर्डाही त्याच तालुक्यात. २०१४ मध्ये तिथे सतरा वर्षांच्या दलित मुलाला सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून मारून टाकले. साक्षीदार फितूर झाले, २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. २०१५ साली आमच्या कोपरगावाशेजारी, शिर्डीत, बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून तरुणाचा जीव घेतला गेला. 'सबका मालिक एक'च्या गावात!

अहिल्यादेवींच्या न्यायाचे गोडवे गाणाऱ्यांना हे तालुके दिसत नाहीत. पण आपल्यालाही विचारतो : जयंतीच्या डीजेसाठी दारोदार फिरणारे आपण, साक्षीदाराच्या दारात किती जण गेलो? ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आहे : संरक्षण, प्रवासखर्च, पुनर्वसन. अर्ज कोण लिहून देणार?

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. १३ ऑक्टोबरला येवल्याला अभिवादनासाठी आपण जाणारच आहोत. त्याआधी या बैठकांची इतिवृत्ते माहिती अधिकारात मागून ठेवू.