भार टाकायचा म्हणजे काय करायचे?

५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. तो दरवर्षी उपवासकाळात किंवा पुनरुत्थानाच्या सणाच्या आगेमागे येतो. त्या दिवसांत आपल्या मंडळ्यांतून दुःख आणि क्रूस यांवर पुष्कळ बोलले जाते. संकटात प्रभूवर भार टाकावा, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते खरेच आहे. पण ज्याच्या घरावर संकट कोसळले आहे त्याने भार टाकायचा म्हणजे नेमके करायचे काय, हे व्यासपीठावरून क्वचितच सांगितले जाते. रमाबाईंच्या आयुष्यात त्याचे उत्तर आहे, आणि ते सोपे नाही.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब देवाधर्मात कुठेही कमी पडले नव्हते. तीर्थयात्रा, पुराणवाचन, व्रते, दानधर्म, सगळे यथासांग चालू होते. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात हे कुटुंब अन्नावाचून रानोमाळ भटकले आणि थोड्या महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे पायी देशभर फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथे रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. पण १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले आणि १८८२ साली पटकीने तेही गेले. रमाबाई तेव्हा अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि त्यांची मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती.

आपल्याकडे काही वक्ते ही हकिकत अशी सांगतात, की जणू आधीच्या देवांनी ऐकले नाही आणि पुढे ख्रिस्ताने ऐकले. हा अनंतशास्त्र्यांवर अन्याय आहे. समाजाचा रोष पत्करून या माणसाने बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले. शिवाय ही मांडणी खोटीही ठरते, कारण बाप्तिस्म्यानंतरही रमाबाईंचे दुःख थांबले नाही.

१८८३ साली त्या वैद्यकीचे शिक्षण घ्यायला इंग्लंडला गेल्या. वाढत्या बहिरेपणामुळे ते स्वप्न सोडावे लागले. सोबत आलेल्या मैत्रिणीने तिथेच आत्महत्या केली. त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज येथे रमाबाईंनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. पण विश्वास म्हणजे मान तुकवणे, असे त्यांनी कधी मानले नाही. ज्या धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच त्या सिद्धान्तांवरून पत्रांतून वाद घालत राहिल्या. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहिले, की मला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. तो भेटायला बाप्तिस्म्यानंतर आणखी सुमारे आठ वर्षे लागली. आठ वर्षे! शंका मनात आली की आपला विश्वास संपला, असे समजून खचणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा सांगायला हवा.

१८९६च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना त्यात आपले आईवडील दिसले. त्या काळाबद्दल त्यांनी लिहिले आहे ते वाचताना कळते, की ही बाई दुष्काळाकडे बाहेरून पाहतच नव्हती. मायदेशी परतल्यावर त्यांनी पुण्यात चालवलेल्या शारदा सदनावर १८९३ साली वादळ येऊन गेले होते. धर्मांतराच्या आरोपावरून सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांसारख्यांनीही हात काढून घेतला होता आणि अनेक पालकांनी मुली घरी नेल्या होत्या. तरीही त्या दुष्काळी मुलखात गेल्या आणि शेकडो मुली आणि बायका घेऊन आल्या. तोवर पुण्यात प्लेग आला होता. शहरात इतक्या जणींना ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगावला आधीच घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांना हलवले. तिथेच ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली. सरकारी प्लेग इस्पितळात मुलींचे हाल होतात, हे त्यांनी वृत्तपत्रात जाहीरपणे लिहिले. देवावर भरवसा ठेवणारी बाई सरकारपुढे गप्प बसली नाही.

माझ्या मते भार टाकणे ते हेच. दुष्काळातली जुनी भूक रमाबाईंच्या मनातून पुसली गेली नाही. प्रभूने ती पुसावी, असा हट्टही त्यांनी धरलेला दिसत नाही. त्या भुकेमुळेच मध्य प्रांतात कोणाला शोधायचे, काय विचारायचे आणि आधी काय द्यायचे, हे त्यांना कळत होते. श्रद्धेमुळे ते दुःख त्यांना गिळू शकले नाही, उलट इतरांच्या कामी आले.

म्हणून एक गोष्ट मला फार बोचते. कर्करोगाने खंगलेल्या माणसाच्या उशाशी बसून ‘प्रार्थना कमी पडली असेल’ असे सांगणारे लोक आपल्यात आहेत. तरुण मुलगा गेलेल्या आईला, रडणे म्हणजे अविश्वास, असे बजावणारेही आहेत. त्यांनी स्तोत्रसंहिता नीट वाचलेली नाही. तिच्यातली कितीतरी स्तोत्रे म्हणजे देवापुढे मांडलेली सरळ तक्रार आहे. ईयोबाने देवाला जाब विचारला. गेथशेमाने बागेत प्रभूने स्वतः प्याला टळावा म्हणून विनवले आणि क्रूसावर त्यागले गेल्याचा आक्रोश केला. जो आक्रोश त्याला वर्ज्य नव्हता तो आपल्या आजारी बहिणीला वर्ज्य कसा?

रमाबाईंच्या वाट्याला शेवटचा घावही साधा आला नाही. कामाची वारसदार म्हणून वाढवलेली मनोरमा १९२१ साली त्यांच्या आधी गेली. तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेल्या बायबलच्या भाषांतराचे काम हातात होते. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्तीतल्याच बायका करत होत्या. मुलगी गेल्यावरही रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या, आणि ते काम हातावेगळे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

या स्मृतिदिनी आपल्या मंडळ्या भक्ती करतील, चरित्र वाचतील, फुले वाहतील. ते जरूर करावे. पण त्या दिवसाच्या भक्तीत पाळकांनी थोडा वेळ राखून ठेवावा. ज्यांच्या घरी यंदा मृत्यू झाला, ज्यांची नोकरी गेली, ज्यांचे लेकरू व्यसनात अडकले, त्यांना काही न सजवता देवाशी बोलू द्यावे. रडू द्यावे, भांडू द्यावे. मध्येच वचन सांगून त्यांना थांबवू नये. आणि भक्ती संपल्यावर मंडळीतल्या दोघाचौघांनी त्यांच्यासोबत घरी जावे, रेशन आहे का, औषधे आहेत का, शाळेची फी भरली का, हे विचारावे आणि जे नसेल ते त्याच आठवड्यात पोचवावे.