पेरूला कुऱ्हाड नको, छाटणी द्या

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही ओळखीच्या एका ताईंकडे गेलो, तर दारातच बाचाबाची चाललेली. दाजींनी शेजाऱ्याकडून कुऱ्हाड मागून आणली होती. परसातला पेरू तोडायचा म्हणत होते. "दहा वर्षं झाली, पावसाळ्यात फळ लागतं आणि प्रत्येकात अळी. पोरं एक घास खाऊन फेकतात. कशाला ठेवायचं?" ताई गप्प होत्या. झाड त्यांच्या सासूबाईंनी लावलेले, आणि त्या आता हयात नाहीत.

त्याच घरात नववीतल्या मुलीचे रक्त ९ वर आले होते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, सोबत फळे खायला सांगितली. बाजारात भाव ऐकून ताई रिकाम्या हाताने परत येत. आणि इकडे परसात फळझाड!

पेरू हे जांभूळ आणि लवंगेच्या कुळातले झाड. मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आले. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, म्हणजे संत्र्याच्या कितीतरी पट. भाजी-भाकरीतले लोह अंगी लागायला ते मदत करते. म्हणून जेवणाबरोबर पेरूच्या चार फोडी खाव्यात, आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये. मात्र पेरू खाल्ला म्हणून गोळ्या सोडू नयेत.

आम्ही दाजींना म्हटले, कुऱ्हाड ठेवा, करवत आणा. पेरूला फूल जुन्या लाकडावर येत नाही, नव्या फुटीवर येते. न छाटलेले झाड नुसते उंच जाते. शिवाय पावसाळ्यातले फळ पाणचट असते आणि त्यालाच फळमाशीचा त्रास जास्त. माशी सालीखाली अंडी घालते, अळी आतला गर खाते, फळ गळते, मग अळी मातीत शिरून कोष करते. त्यातून नवी माशी निघते. म्हणजे सडा झाडाखाली तसाच ठेवला, तर आपणच माशी पाळली!

त्या दिवशी सगळ्यांनी मिळून शेंडा खाली घेतला. आत गेलेल्या, वाळलेल्या फांद्या काढल्या. बाकीच्या फांद्यांची टोके अर्ध्यावर छाटली. लागलेली बारीक फळेही काढून टाकली. ताईंना वाईट वाटले, पण पावसाळी फळ घालवल्याशिवाय हिवाळी फळ जोमाने येत नाही. मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावली. बुंध्याभोवती आळे करून दोन घमेली कुजलेले शेणखत घातले. मोरीचे पाणी बुंध्याशी साचत होते, त्याला चर काढून दिला. पेरू हलक्या जमिनीतही तग धरतो, पण बुंध्याशी पाणी साचू देऊ नये.

पाऊस सुरू होताच नवी फूट आली आणि फुटीबरोबर पांढरी फुले. यालाच मृग बहार म्हणतात. फळ लिंबाएवढे झाले की ताई आणि मुलगी कागदी पिशव्या बांधू लागल्या. खाली पडलेले फळ रोज वेचून खोल पुरायचे, हे काम दाजींनी स्वतःकडे घेतले. नोव्हेंबरअखेर पहिली पाटी उतरली. आत अळी नव्हती.

झाड नव्याने लावायचे असेल, तर बी लावू नये. बियांची झाडे आईसारखी निघतीलच असे नाही आणि फळाला वेळही लागतो. गुटी कलम घ्यावे. सरदार, म्हणजेच लखनौ-४९, ही जात १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात निवडली गेली, ती आपल्याकडे चांगली येते. गुटी घरीही बांधता येते. पावसाळ्यात पेन्सिलएवढ्या जाडीच्या फांदीची बोटाच्या पेराएवढी साल गोल काढायची, त्यावर ओले शेवाळ ठेवून प्लॅस्टिक घट्ट बांधायचे. दीड-दोन महिन्यांत मुळ्या दिसल्या की खालून कापून लावायचे. परस नसेल त्यांनी तळाला भोके पाडलेल्या मोठ्या ड्रममध्ये लावावे. उन्हाची जागा मात्र हवी.

मुलीचे रक्त आता ११ वर आले आहे. श्रेय गोळ्यांचे की पेरूचे, ते आम्ही सांगू शकत नाही. ताईंनी त्या पावसाळ्यात त्याच झाडाच्या चार गुट्या बांधल्या होत्या. तीन जगल्या. एक त्यांच्या थोरल्या लेकीच्या सासरी गेली, एक शेजाऱ्यांकडे, ज्यांची ती कुऱ्हाड होती. तिसरी ताईंनी आमच्या हाती दिली आणि म्हणाल्या, "सासूबाईंचंच झाड आहे, जपा."

आमच्या दारी ते ड्रममध्ये आहे. नवी पाने फुटली आहेत.