म्हाताऱ्यांचे चालणे बंद पडते आहे

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्याच्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याने दोन मुलांचा आणि एका वृद्धेचा बळी घेतला. बायका गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना साऱ्या राज्याने पाहिल्या. शेजारच्या जुन्नर-आंबेगावातही तीच धास्ती आहे. या धास्तीची एक किंमत मात्र कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. पहाटे कालव्याच्या कडेने चालायला जाणारे म्हातारे आता ओट्यावर बसून आहेत. ‘‘आण्णा, बाहेर पडू नका, ऊस उभा आहे,’’ असे घरचेच सांगतात. त्यांचे चुकत नाही. पण बसून राहिलेल्या माणसाचे आधी गुडघे धरतात, मग नावे आठवेनाशी होतात आणि ‘वय झाले’ म्हणून घर गप्प बसते.

सगळा दोष वयाचा नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात 120 ज्येष्ठांपैकी एका गटाला आठवड्यातून तीन दिवस, चाळीस-चाळीस मिनिटे चालवले. वर्षभरात त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा भाग, सुमारे 2 टक्क्यांनी वाढला. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा घटला. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत इतका ठळक फरक दिसला नाही, हेही खरे. तरी चालण्याने रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहते, यात वाद नाही आणि या दोन्ही व्याधी मेंदूच्या वैरी आहेत. भारतात साठीपुढच्या दर शंभरांत सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. खेड्यांत आणि बायकांत हे प्रमाण जास्त आहे.

कुकडी कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला आणि बिबट्याची पिल्ले त्या उसातच जन्मू लागली. हा पेच एका हंगामात सुटणारा नाही. तोवर म्हाताऱ्यांना कोंडून ठेवायचे का? ग्रामपंचायतींनी शाळेचे मैदान सकाळी शाळा भरण्याआधी त्यांच्यासाठी खुले करावे, कडेचे गवत काढावे, कुंपण धड करावे. उजाडल्यावर पाच-सहा जणांनी मिळून चालावे. वेग असा, की बोलता येईल पण अभंग म्हणता येणार नाही. छातीचा त्रास असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि आजींनाही सोबत घ्या. घरकामात चालणे होतेच, या समजुतीवर त्यांना घरी ठेवू नका.

येत्या ग्रामसभेला वनखात्याच्या माणसांना बोलवा आणि मैदानाचा ठराव त्याच दिवशी मंजूर करून घ्या.