चोर सोडून संन्याशाला सुळी

सदोष संगणकीय खेळ गळ्यात पडल्यास ग्राहकाने पैसे परत मागावेत. तो त्याचा हक्कच आहे. परंतु त्याच तोंडाने खेळ रचणाऱ्या कारागिरांना शिव्याशाप देणे, हा कोणता न्याय?

पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेचा ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० रोजी असंख्य दोषांसह बाजारात आला. आठच दिवसांत सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. आता आरोपी कोण? प्रकाशनाची तारीख कारागिरांनी ठरविली नव्हती. त्यांच्या माथी तर सहा दिवसांचा सक्तीचा आठवडा मारला होता. जानेवारी २०२१ मध्ये सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी स्वतःच कबुली दिली की, निर्णय आम्हां चालकांचा. चमूंना दोष देऊ नका. अशा कबुलीनंतरही निरपराध्यास शिक्षा फर्मावणारे न्यायासन आम्हांस ठाऊक नाही!

उलट, याच कारागीरवर्गाने पावणेतीन वर्षे खपून सप्टेंबर २०२३ मध्ये खेळाला विनामूल्य नवे रूप दिले. जुन्या यंत्रांचे ग्राहक त्यास मुकले, ही तक्रार खरी. तीही चालकांच्याच दारी न्यावी. पैसे मालकाकडून जरूर वसूल करा. कारागिराच्या पदरात मात्र त्याच्या श्रमांचे माप टाका.