सणाचे गोडधोड आणि सुगरणीची भेट



अश्विन महिना लागला की आपल्या वस्त्यांमधून नागपूरची तयारी सुरू होते. विदर्भ आणि सेवाग्राम या गाड्या कल्याणला थांबतात. फलाटावर पांढऱ्या साड्या, निळे झेंडे आणि हातात जेवणाच्या पिशव्या असे दृश्य दरवर्षी दिसते. जे जाऊ शकत नाहीत ते जवळच्या विहारात वंदनेला जमतात. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्या दिवसाची आठवण घराघरात गोड करून साजरी होते. पाठोपाठ शाळांना सुट्टी लागते, माहेरवाशिणी येतात, शेजारीपाजारी डबे फिरतात. या दिवसांत घरात काय करावे आणि कोणाला काय द्यावे, याचा विचार आज करू.

आधी मिठाईच्या खोक्याबद्दल. "कशाला आणता इतके गोड?" असे म्हणणे सोपे असते. पण आपल्या घरात मिठाईचा खोका नुसता जिभेसाठी येत नाही. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आले. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजाच्या खाण्याची नोंद त्यात आहे. ते वाचताना लक्षात येते, की साजूक तूप, दूध, साखर हे पदार्थ आपल्या आजी-पणजीच्या चुलीपर्यंत फार क्वचित पोचत. गुळाचा खडा हेच गोड. म्हणून नातवाला नोकरी लागली की दोन किलो पेढे वाटले जातात. त्यात ऐपतीचा आणि मानाचा आनंद असतो. त्या आनंदाला नावे ठेवू नयेत.

पण आजची अडचण वेगळी आहे. पूर्वी साखर मिळत नव्हती म्हणून शरीर झिजत होते, आता ती जास्त झाली म्हणून झिजते. रोजचे तीन-चार चहा, मुलांची बिस्किटे, बाटलीतले सरबत, आणि वर सणाची मिठाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला साधारण सहा चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम. चार कप गोड चहातच तेवढी संपते. खुद्द बाबासाहेबांना आयुष्याच्या उत्तरार्धात मधुमेहाने किती छळले, हे आपण सारे जाणतो. त्यांच्या नावाच्या दिवशी आपल्या घरातील मधुमेही माणसाला समोरचे ताट पाहून तोंड फिरवावे लागू नये, एवढे तर आपण करू शकतो.

एक गैरसमज मात्र दूर करावा. साखरेऐवजी गूळ घातला की पदार्थ मधुमेहींना चालतो, असे पुष्कळ जणी मानतात. गुळात थोडे क्षार असतात हे खरे, पण त्याची उष्मांकाची मोजणी जवळजवळ साखरेएवढीच आहे. खजूरही गोडच. तेव्हा गूळ घातला तरी तो मोजून घालायचा.

आता तीन कृती देते. तिन्हींना लागणारे जिन्नस ठाण्याच्या जांभळी नाक्यावर, कल्याणच्या लक्ष्मी मार्केटात किंवा घराजवळच्या वाण्याकडे मिळतात.

नाचणीचे लाडू

साहित्य : नाचणीचे पीठ दोन वाट्या, भाजलेले तीळ अर्धी वाटी, शेंगदाण्याचे कूट अर्धी वाटी, किसलेला गूळ एक वाटी, तूप अर्धी वाटी, थोडे जायफळ किंवा वेलची.

कृती : पीठ जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पाच मिनिटे कोरडे भाजावे. मग तूप घालून आणखी दहा-बारा मिनिटे, खमंग वास सुटेपर्यंत परतावे. नाचणीचा रंग मुळातच गडद असल्यामुळे रंगावर जाऊ नये, वासावर जावे. गॅस बंद करून तीळ, कूट आणि जायफळ मिसळावे. मिश्रण कोमट झाले की गूळ घालून हाताने मळावे आणि लिंबाएवढे लाडू वळावेत. वळले जात नसतील तर एक चमचा तूप वितळवून घालावे. दुधाचा हात लावला तर लाडू दोन दिवसांत संपवावे लागतात, म्हणून प्रवासासाठी दूध नको.

वाटीभर गूळ साधारण दीडशे ग्रॅम भरतो आणि लाडू चोवीस होतात. म्हणजे एका लाडवात सहा ग्रॅमच्या आसपास गूळ, साधारण सव्वा चमचा. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, दुधात त्याच्या निम्म्याहून कमी. वाढत्या मुलांना आणि चाळिशी उलटलेल्या बायांना ते हवेच असते. शहापूर-मुरबाडकडे हिलाच नागली म्हणतात. गरिबाचे धान्य म्हणून जिला पंगतीत मान नव्हता, तिच्यासकट साऱ्या भरड धान्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष ठरवून दिले. मोठ्या दुकानांत तिची पाकिटे महाग मिळतात. सुटी नाचणी आणून, धुऊन, वाळवून गिरणीत दळलेली स्वस्त पडते.

कमी गोडाची खीर

सुजाताने सिद्धार्थाला दिलेल्या खिरीमुळे आपल्याकडे खिरीला वेगळा मान आहे. पौर्णिमेला विहारात खीर असतेच. घरी करताना साखरेचा हात आवरता येतो.

साहित्य : तांदूळ अर्धी वाटी, दूध एक लिटर, बिया काढलेले खजूर दहा, वेलची.

कृती : तांदूळ अर्धा तास भिजवून जाडसर वाटावेत. दीड वाटी पाण्यात मऊ शिजवून घ्यावेत. मग दूध घालून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे ढवळत राहावे. खजूर थोड्या कोमट दुधात भिजवून कुस्करावेत आणि गॅस बंद केल्यावर खिरीत मिसळावेत. गूळ वापरायचा असेल तर खीर निवल्यावरच घालावा, गरम दुधात गूळ पडला की दूध फाटते. तांदळाऐवजी गव्हाचा दलिया घेतला तर खीर अधिक पोटभरीची होते.

भाजक्या पोह्यांचा चिवडा

साहित्य : पातळ पोहे पाव किलो, भाजलेले शेंगदाणे एक वाटी, डाळवं अर्धी वाटी, भाजलेले जवस दोन चमचे, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, मोहरी, हळद, तेल तीन मोठे चमचे, मीठ एक सपाट चमचा.

कृती : पोहे मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत कोरडेच भाजून बाजूला ठेवावेत. तेलात मोहरी, मिरच्या, कढीपत्ता चांगला कडक होऊ द्यावा. ओलसर राहिला तर चिवडा मऊ पडतो. मग हळद, दाणे, डाळवं, जवस आणि मीठ घालून शेवटी पोहे मिसळावेत. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावा.

तळण करायचेच असेल तर एकदा तापवलेले तेल पुन्हा पुन्हा तळणीला वापरू नये. काळे, चिकट, फेसाळ झालेले तेल टाकून द्यावे.

विकत आणताना

सगळ्याच जणींना सगळे घरी करायला सवड नसते. पहाटेची लोकल पकडून कामाला जाणाऱ्या आणि रात्री आठला परतणाऱ्या बाईने लाडू वळलेच पाहिजेत, असा आमचा आग्रह नाही. विकत आणताना दोन गोष्टी बघाव्यात. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेपुढेही ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहिणे दुकानदाराला बंधनकारक आहे. पाटी नसेल तर विचारावे, विचारण्यात कमीपणा नाही. दुसरे, खवा आणून घरी काही करणार असाल तर त्यातला तुकडा थोड्या पाण्यात उकळून गार करावा आणि त्यात आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर खव्यात पिठाची भेसळ आहे असे समजावे. तपासलेला तुकडा अर्थातच खाऊ नये.

आता भेटीचे

हा भाग बंधूंनी जरूर वाचावा. सणाला घरातील सुगरणीला काय द्यावे? बहुतेक घरात साडी येते. साडीला ना नाही. पण जी बाई वर्षभर ओट्यापाशी उभी राहते, तिचा तिथला त्रास कमी करणारी वस्तू कोणी आणत नाही. त्यासाठी फार पैसेही लागत नाहीत.

पहिली भेट, लोखंडी कढई किंवा तवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभरांपैकी ५७ स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. लोखंडी कढईत पालेभाजी केली की थोडे लोह अन्नात उतरते. नवी कढई घासून, तापवून, तेलाचा हात तीन-चार वेळा फिरवून मुरवावी. भाजी झाली की स्टीलच्या भांड्यात काढून घ्यावी, कढईत ठेवू नये, काळी पडते. धुतल्यावर लगेच पुसून कोरडी करावी. जेवताना लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा घेतला तर उलटे होते, म्हणून चहा तासाभराने घ्यावा.

दुसरी भेट, गॅसची नळी. आयएसआय शिक्क्याची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी लागते. आपल्या घरची कधी बदलली होती, हे आज रात्री पाहा. तारीख आठवत नसेल तर बदलायची वेळ झाली आहे.

तिसरी, कुकरची दुरुस्ती. वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत. तिथे प्रेशर कुकरही बनतात, आणि आपल्या कित्येक कुटुंबांची चूल तिथल्या कारखान्यांवर पेटली. पण घरातल्या कुकरचे रबर सैल आणि दांडा हलतोय, हे दृश्य सर्रास दिसते. त्याच कंपनीचे नवे रबर आणि नवा सेफ्टी व्हॉल्व्ह आणून बसवून द्या. शिट्टीचे भोक साफ ठेवा. नवा कुकर घ्यायचा झाला तर आयएसआयचा शिक्का बघूनच घ्या.

चौथी, धार असलेली सुरी आणि बसायला घट्ट स्टूल. बोथट सुरीच घसरून बोट कापते. कांदे चिरणे, भाजी निवडणे ही कामे बसून केली तर गुडघ्यांना तेवढाच आराम.

पाचवी भेट, रक्ताची तपासणी. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही महापालिकांची रुग्णालये आपल्या हाताशी आहेत. सुट्टीच्या दिवसांत आईला, पत्नीला, सासूबाईंना बरोबर घेऊन जा. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली, किंवा गरोदरपणी ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. थकवा आला की "वयाचे झाले" म्हणून बाया गप्प बसतात. कित्येकदा ते वयाचे नसते, रक्ताचे असते, आणि गोळ्यांनी बरे होते. साखरही त्याच वेळी तपासून घ्यावी.

आणि सहावी भेट बिनपैशाची. सणाच्या दिवशी घरातील बाई सर्वांना वाढून, उरलेले खाऊन, भांडी घासायला बसते. पंगतीत तीही सर्वांबरोबर बसेल, आणि भांडी त्या दिवशी मुलगे व पुरुष घासतील, एवढे ठरवा. समतेच्या गोष्टी आपण व्यासपीठावरून पुष्कळ ऐकतो. ओट्यापाशी ती येते की नाही, हे सणाच्या दिवशीच समजते.

शेजाऱ्यांना देण्यासाठी मिठाईच्या खोक्याऐवजी स्टीलच्या छोट्या डब्यात नाचणीचे आठ लाडू आणि वाटीभर चिवडा द्यावा. डबा पुढे वर्षभर त्यांच्या कामी येतो. आत एक चिठ्ठी घालावी, लाडवात काय काय आहे ते लिहून. शेंगदाणे न चालणारी मुले असतात, मधुमेही माणसे असतात, त्यांना चिठ्ठीचा उपयोग होतो.

नागपूरला जाणाऱ्यांनी लाडू, चिवडा, दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी घ्यावी. खीर आणि ओले खोबरे घातलेले पदार्थ प्रवासात नकोत. पाणी घरून भरून न्यावे.

आपल्या आजीच्या हातचा एखादा पदार्थ, हुलग्याचा, जवसाचा, ज्वारीचा, आता घरात कोणी करत नसेल तर त्याची कृती लिहून पाठवा. सोबत तिचे गाव लिहायला विसरू नका. पुढील अंकापासून अशा कृती या सदरात देऊ.

सर्वांना धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मंगल कामना. जयभीम, नमो बुद्धाय.