झेलाच्या आधीची परीक्षा

२०१५ च्या मोसमात ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या चाहत्यांना एका पोराचा अगदी वीट आला होता. दवान्ते अ‍ॅडम्स त्याचं नाव. कॉलेजात, फ्रेस्नो स्टेटकडून, शेवटच्या मोसमात १३१ झेल आणि २४ टचडाउन करून आलेला. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, दुसऱ्या फेरीत, ५३ व्या क्रमांकावर निवडलेला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये संघाचा मुख्य रिसीव्हर जॉर्डी नेल्सनच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि अ‍ॅडम्ससाठी मैदान मोकळं झालं. पण ९४ वेळा चेंडू त्याच्या दिशेने आला, त्याने झेलले ५०, टचडाउन एक. झेलामागे सरासरी दहा यार्डही नाहीत. घोटा दुखावलेला होता हे खरं. सोपे पास हातातून निसटत होते हेही तितकंच खरं.

अशा पोराला संघाबाहेर काढा म्हणणं सोपं असतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हरचं काम लांबून फारच सरळ दिसतं ना! पळायचं, चेंडू झेलायचा. मग झेल मोजले की झाला हिशेब.

प्रशिक्षकांचा हिशेब मात्र झेलाच्या बराच आधी सुरू होतो. रिसीव्हरला बारा यार्ड पळून कडेकडे वळायचं असेल, तर चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक त्याच्या वळण्याची वाट बघत नाही. पोरगा पाठमोरा असतानाच चेंडू हातातून सुटतो. रिसीव्हर अकराव्या यार्डालाच वळला किंवा एक पाऊल जास्त टाकलं, की चेंडू थेट बचावपटूच्या हातात. कागदावर ही चूक क्वार्टरबॅकच्या नावे लागते. दुसऱ्या दिवशी चित्रफीत बघताना खरा दोषी कोण ते खोलीतल्या सगळ्यांना कळतं आणि पुढच्या रविवारी तो पोरगा बाकावर का, हे चाहत्यांना कळत नाही. काही मार्ग तर पळता पळता बदलायचे असतात. समोरचा बचाव कसा उभा आहे हे दोघांनी एकाच क्षणी, एकाच पद्धतीने ओळखायचं. अ‍ॅरन रॉजर्ससारखा क्वार्टरबॅक ऐन वेळी हाताच्या खुणेनं बेत फिरवतो. ती खूण चुकवणाऱ्याकडे चेंडू येईनासा होतो.

ग्रीन बेला या बाबतीत सबुरीची सवय होती. खुद्द नेल्सनचे पहिल्या तीन मोसमांतले झेल ३३, २२ आणि ४५; चौथ्यात, २०११ मध्ये, १,२६३ यार्ड आणि १५ टचडाउन. अ‍ॅडम्सलाही तोच वेळ मिळाला. २०१६ मध्ये नेल्सन परतला, स्पर्धा वाढली, तरी अ‍ॅडम्सने ९९७ यार्ड आणि १२ टचडाउन केले. पुढे २०२० मध्ये १८ टचडाउन. खेळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या दोन-तीन पावलांत समोरच्याला चकवण्याची त्याची कला आज तरुण रिसीव्हर अभ्यासतात.

पण सबुरी सगळ्यांच्याच वाट्याला सारखी येत नाही आणि आली तरी फळतेच असंही नाही. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने २०१९ मध्ये पहिल्या फेरीत, ३२ व्या क्रमांकावर नकील हॅरीला घेतलं. डीबो सॅम्युएल, ए. जे. ब्राउन, डीके मेटकाफ हे सगळे त्याच्यानंतर निवडले गेले. हॅरीचा पहिला अर्धा मोसम दुखापतीत गेला. नंतर संधी मिळाली, पण बचावपटूपासून सुटून मोकळं होणं त्याला जमेना. तीन मोसमांत ५७ झेल. धिप्पाड शरीराच्या जोरावर कॉलेजात अंगावरच्या बचावपटूसकट झेललेले चेंडू इथे कामी आले नाहीत.

त्याच्या अगदी उलट अ‍ॅडम थीलन. ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घेतलंच नाही. २०१३ मध्ये मिनेसोटा वायकिंग्जच्या चाचणी शिबिरातून सराव पथकात शिरला. सामन्याच्या दिवशी ५३ जणांपैकी जास्तीत जास्त ४८ जणांना गणवेश मिळतो. त्यात चौथ्या-पाचव्या रिसीव्हरला जागा हवी असेल तर किकनंतर जीव खाऊन पळत जाऊन समोरच्याला पाडायची हमाली करावी लागते. थीलनने ती दोन मोसम केली. त्या दोन वर्षांत झेल मिळाले एकूण २०. मग २०१६ मध्ये ९६७ यार्ड आणि २०१८ मध्ये पहिल्या सलग आठ सामन्यांत शंभर यार्डांची मजल.

तेव्हा आपल्या आवडत्या संघातल्या नव्या रिसीव्हरबद्दल मत बनवायचं असेल, तर निदान तिसऱ्या मोसमापर्यंत त्याचे झेल मोजू नयेत. चेंडू दुसऱ्याकडे जात असताना तो मोकळा झाला होता का, तेवढं बघावं. हॅरी बहुतेक वेळा झाला नव्हता. जुलै २०२२ मध्ये पेट्रियट्सने त्याला शिकागोला देऊन टाकलं, सातव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात.