प्रयोगनळीतले यश म्हणजे औषध नव्हे

विद्यार्थी मित्रहो, चांदीचे अतिसूक्ष्म कण विषाणूंना निकामी करतात, असे तुमच्या वाचनात आले असेल. ते खोटे नाही. परंतु त्यावरून ‘चांदीचे पाणी प्या’ असे कोणी सांगू लागला, तर त्याला चार प्रश्न विचारलेच पाहिजेत, असे माझे मत आहे.

प्रथम थोडे गणित करू. 1 सेंटिमीटर बाजूचा चांदीचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ 6 चौरस सेंटिमीटर. आता त्याचे 10 नॅनोमीटर बाजूचे घन पाडले अशी कल्पना करा. (1 नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग.) चांदी तेवढीच राहिली, पण एकूण पृष्ठफळ झाले 600 चौरस मीटर, म्हणजे दहा लाख पट! धातूची क्रिया पृष्ठभागावरच घडते. सूक्ष्म कणांचे सामर्थ्य यात आहे.

2005 साली अमेरिका व मेक्सिकोतील संशोधकांनी एड्सच्या विषाणूवर असे कण सोडून पाहिले. हा विषाणू सुमारे 100 नॅनोमीटर व्यासाचा. त्याला 1 ते 10 नॅनोमीटरचे कणच चिकटले आणि त्याचा पेशीत होणारा शिरकाव रोखला गेला. विषाणूच्या आवरणावरील प्रथिनांत गंधक असते व चांदीला गंधकाची ओढ असते, हे त्याचे संभाव्य कारण.

पण मित्रहो, गंधक तुमच्याआमच्या प्रथिनांतही आहे! हा प्रयोग प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर झाला होता. शरीरात गेलेले कण रक्तातून यकृतात, त्वचेत साठू शकतात. दीर्घकाळ चांदी पोटात गेल्यास त्वचा कायमची निळसर-करडी होते. या विकाराला ‘अर्जिरिया’ म्हणतात. चांदीची कलिली द्रावणे औषध म्हणून सुरक्षित वा गुणकारी मानता येत नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1999 सालीच दिला. तरीही 2020 च्या कोरोना साथीत ती उपाय म्हणून विकली गेली आणि विक्रेत्यांना ताकीद द्यावी लागली.

म्हणून अशी बातमी वाचताना विचारा: प्रयोग काचपात्रात झाला की माणसावर? कणांचा आकार किती? मात्रा किती? निरोगी पेशींचे काय झाले? शिक्षकांनी हे प्रश्न वर्गात फळ्यावर लिहावेत. विषाणू मारणे तुलनेने सोपे आहे. साबणही ते करतो. रोग्याला इजा न करता विषाणू मारणे, हे खरे अवघड काम आहे आणि चांदीच्या कणांबाबत ते अजून व्हायचे आहे. कदाचित तुमच्यापैकीच कोणी ते करील.